दारू, रवा, गोळी, चरबी

“नाही” म्हणायला मला एक सेकंदही लागला नाही. एरवी मी पटकन उत्तर देणारी बाई नव्हे. थिएटरमध्ये सर्जनने सुरू करू का म्हणून विचारलं तरी मी आधी मॉनिटरकडे बघते, मग पेशंटकडे, मग परत मॉनिटरकडे, आणि तोवर सर्जनचं तोंड आंबट झालेलं असतं. पण सप्टेंबरातल्या त्या मंगळवारी, साउथहॅम्प्टनच्या आमच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मिस्टर पार्फिट यांनी चहाचा मग खाली ठेवला आणि विचारलं, की डॉक्टर, तुमच्या मिस्टरांबद्दल मला माहीत असावं असं काही आहे का, तब्येतीचं, मनःस्थितीचं, काहीही. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हणाले, “नो. नथिंग ॲट ऑल.” पार्फिट पोलिसांच्या बंदूक-परवाना विभागातले. दर पाच वर्षांनी परवाना रिन्यू करताना घरी यायचं, भिंतीला ठोकलेलं लोखंडी कपाट हलवून बघायचं आणि घरच्या माणसांशी दोन शब्द बोलायचे ही त्यांची रीत. सभ्य माणूस, बूट दारात काढून आला होता. त्यांची पाठ खिडकीकडे होती आणि माझं तोंड खिडकीकडे. बाहेर गार्डनमध्ये दीनानाथ हिरवळीच्या मधोमध उभे होते. शेडमधून जुनं रिव्हॉल्व्हर आणून दाखवतो म्हणून ते पाच मिनिटांपूर्वी बाहेर पडले होते आणि आता दोन्ही हात मोकळे सोडून, आपण कशाला आलो हे कुणीतरी येऊन सांगेल अशा आविर्भावात उभे होते. मी त्यांच्याकडे बघत बघत “नाही” म्हणाले. पार्फिटनी फॉर्मवर खूण केली. साध्या बायकोच्या बोलण्यावर त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले असते. डॉक्टरच्या बोलण्यावर विचारले नाहीत. मग बाहेर दीनानाथना आठवलं असावं, कारण ते शेडकडे वळले, आणि मी पार्फिटना आणखी एक बिस्किट घ्यायचा आग्रह केला.

मला काय माहीत होतं ते सांगते. जूनमध्ये एका गुरुवारी मला सुट्टी होती. सकाळी साडेसहाला दीनानाथ जिना उतरून आले ते टाय लावून. ब्रिस्टलला विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी सव्वीस वर्षं काढली. सोमवारी जायचे, शुक्रवारी परत यायचे. आमचा संसार म्हणजे शनिवार-रविवारचा, बाकी टेलिफोनचा. त्या नोकरीतून निवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली होती. मी सोफ्यावर पेपर वाचत होते. “येतो गं,” म्हणाले, गाडी काढली आणि गेले. मी हाक मारायला हवी होती. हाक मारली असती तर त्यांना कळलं असतं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं असतं, म्हणून मी पेपर वाचत राहिले, एकच बातमी, कौन्सिलच्या कचऱ्याच्या डब्यांची. दोन-अडीच तासांनी परत आले ते हातात डोनट्सचा खोका घेऊन. सहज चक्कर मारून आलो म्हणाले, सॅलिसबरीपर्यंत. टाय पँटच्या खिशात कोंबला होता आणि त्याचं टोक बाहेर लोंबत होतं. आम्ही एकेक डोनट खाल्ला. मी म्हटलं, छान ताजे आहेत. त्याआधी, गेल्या वर्षीच्या गणपतीत, ओळखीच्यांकडे आरती संपल्या संपल्या त्यांनी पहिल्या कडव्यापासून तीच आरती पुन्हा सुरू केली होती. लोकांना वाटलं उत्साह, सगळ्यांनी टाळ्या वाजवत साथ दिली, मीही दिली. माझा धंदा काय, तर भूल देऊन ऑपरेशनच्या टेबलाशी डोक्याच्या बाजूला बसून दुसऱ्याच्या शरीरातला बारीकसा बदल ओळखायचा. वयस्कर पेशंट आले की मी त्यांना गोड आवाजात विचारते, साल कोणतं, महिना कोणता, वीसपासून उलटे आकडे म्हणता का. घरात हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही. उत्तर चुकलं तर पुढे काय काय करावं लागतं हे मला ठाऊक होतं, म्हणूनच विचारला नाही. मी भ्याले होते. याला दुसरं कारण शोधण्यात अर्थ नाही.

वरदाने एकदा विषय काढला होता. वरदा आमची एकुलती एक. वॉटफर्डला राहते, लंडनला बँकेत जाते, आणि तिचं मराठी म्हणजे आमच्या फोनच्या बिलातून जेवढं झिरपलं तेवढं. ती म्हणाली, “आई, बाबाने मला तोच गोष्ट परत सांगितला. सेम गोष्ट, दोनदा, इन वन कॉल.” मी म्हटलं, तोच गोष्ट नाही, तीच गोष्ट, आणि सांगितला नाही, सांगितली. तिने निमूटपणे वाक्य सुधारून म्हटलं. मी हुशार मुलगी म्हटलं आणि तिच्या ऑफिसची चौकशी केली. फोन ठेवल्यावर माझी मलाच इतकी लाज वाटली की मी उगाच फ्रिज पुसून काढला. लेकीच्या व्याकरणामागे लपणारी आई मी अजून दुसरी पाहिलेली नाही.

आता त्या रिव्हॉल्व्हरचं. दीनानाथना हा नाद निवृत्तीच्या जरा आधी लागला. या देशात पिस्तुलं बंद झाली तरी जुन्या तऱ्हेची, समोरून दारू ठासून भरायची, ती परवाना काढून क्लबात चालवता येतात. आपल्याकडे ज्याला ठासणीची बंदूक म्हणतात तीच तऱ्हा, फक्त हातात मावणारी. त्यांच्याकडे आधी एक होतं ते नव्या बनावटीचं, इटलीत तयार झालेलं, चकचकीत. मग दोन वर्षांपूर्वी एका जुन्या बाजारात त्यांना हे दिसलं. खरं, इंग्लंडातच घडवलेलं, दीडशे वर्षांचं, बनवणाऱ्याचं नाव झिजून गेलेलं. लाकडी मूठ चिरलेली, घोड्याचं टोक तुटलेलं, सहा घरांचं चक्र गंजून जागच्या जागी बसलेलं. मी म्हटलं, भंगारवाल्याने फुकट नेलं नसतं. ते म्हणाले, तुला यातलं काही कळत नाही, आणि ते खरंच होतं. पण त्यातली कायद्याची गंमत मला कळली आणि ती माझ्या डोक्यातून जात नाही. हे असलं जुनं हत्यार नुसतं शोभेला म्हणून भिंतीवर टांगलं तर त्याला परवाना लागत नाही. ज्या दिवशी तुमच्या मनात येतं की हे चालवायचं, त्या दिवसापासून लागतो. लोखंड तेच, भिंत तीच. बदलतो तो फक्त तुमचा विचार, आणि तो विचार तुम्ही कुणाला सांगेपर्यंत सगळं शोभेचंच असतं. दीनानाथनी दोन वर्षं ते शोभेचं म्हणून दुरुस्त केलं आणि मग एके दिवशी जेवताना म्हणाले, आता अर्जात हेही घालतो.

ती दोन वर्षं मी विसरणार नाही. आइस्क्रीमच्या डब्यात डिझेल ओतून त्यात त्यांनी ते चक्र सहा आठवडे भिजत घातलं. शेडभर वास, अंगाला वास, उशीला वास. रोज संध्याकाळी जेवायच्या आधी जाऊन हलकेच फिरवून बघायचे आणि मान हलवत परत यायचे. एक दिवस मला दारातून हाक मारली. मी पोळ्या टाकून गेले. हातात ते धरून म्हणाले, “पान का सडलं? भाकरी का करपली? घोडा का अडला?” मी म्हटलं, न फिरवल्यामुळे. त्यांनी अंगठ्याने घोडा मागे ओढला आणि चक्र एक घर पुढे सरकलं, टक् आवाज करून. एकसष्ट वर्षांचा माणूस, चेहरा असा की नुकतीच पहिली सायकल मिळाली. मग महिनोन् महिने कानस. चक्र फिरायचं पण घर नळीच्या बरोबर समोर येऊन थांबायचं नाही, केसभर मागे राहायचं, आणि केसभर म्हणजे गोळी काठाला घासून फुटणार. चक्राला ढकलणारी एक इवलीशी पट्टी असते. ती त्यांनी पोलादातून नव्याने घडवली, अकरा वेळा. मी मोजल्या, कारण नापास झालेल्या दहा त्यांनी माझ्या सुयांच्या डबीत ठेवल्या होत्या. शेडमध्ये ते चुकत नव्हते. हे मला पुन्हा पुन्हा स्वतःला सांगायला आवडायचं. नळाला ते “पाणी येतं ते” म्हणायचे, गंज घासायचा तारेचा काथ्या एकाच आठवड्यात तीनदा विकत आणायचे, पण कानस हातात आली की बोटांना सगळं आठवत होतं. मी खिडकीतून बघायचे आणि मला वाटायचं, जोवर हे चालू आहे तोवर काही झालेलं नाही. पार्फिटना मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी कपाट उघडून सगळं नेलं असतं, मग त्या शेडमध्ये त्यांनी काय केलं असतं? हिरवळीवर उभे राहिले असते. मी खोटं बोलले ते या भीतीने. त्यात थोडं प्रेमही होतं, पण भीती जास्त.

रवा माझ्या स्वयंपाकघरातून जायचा. म्हाताऱ्या लोखंडाला पुरी दारू सोसत नाही, म्हणून निम्मीच घालायची आणि चक्राच्या घरातली उरलेली जागा रव्याने भरायची, म्हणजे गोळी वर नीट बसते. क्लबात सगळे गोरे रवाच वापरतात, सुपरमार्केटमधला, पुडिंगचा. दीनानाथ मात्र वॉटफर्डहून वरदाने आणलेला आपला बारीक रवा न्यायचे आणि तो जास्त एकसारखा बसतो असं गंभीरपणे सांगायचे. घरूनच मोजून पारदर्शक प्लास्टिकच्या नळ्या भरून न्यायच्या असतात. त्यांनी त्यासाठी लाकडाचा एक ठोकळा केला होता, दोन ओळी भोकांच्या, मागच्या ओळीत काळ्या नळ्या दारूच्या, पुढच्या ओळीत पांढऱ्या रव्याच्या. आणि भरायचा क्रम चुकू नये म्हणून त्यांनी जे केलं ते फक्त तेच करू जाणोत. माणूस धार्मिक अजिबात नाही, जानवं कुठल्या खणात आहे तेही ठाऊक नसेल, पण मुंजीनंतर वडिलांनी छडी घेऊन घोटवलेली संध्या तोंडात राहिली होती. आचमनाची पहिली नावं त्यांनी कामाला लावली. केशव म्हणत दारू, नारायण म्हणत रवा, माधव म्हणत गोळी ठासायची, गोविंद म्हणत वरून चरबी लिंपायची, म्हणजे ठिणगी शेजारच्या घरात जात नाही. मग पुढचं घर, परत केशव. मी म्हटलं, बामणाने देव बाटवले. ते म्हणाले, उलट, सत्तेचाळीस वर्षांनी पहिल्यांदा उपयोग झाला. टेबलावर रिकाम्या नळ्या घेऊन ते सराव करायचे, ओठ हलायचे, आणि मलाही ते पाठ झालं. कधी चुकून एकाच घराला केशव दोनदा झाला तर हसून म्हणायचे, “द्विराचम्य.” संध्येत आचमन दोनदाच करायचं असतं ना. मीही हसायचे. उन्हाळ्यात ते द्विराचम्य वाढलं होतं. मग चुकलं तरी ते द्विराचम्य म्हणेनासे झाले, आणि मी हसेनाशी झाले.

परवाना ऑक्टोबरच्या शेवटी पोस्टाने आला, जुन्या रिव्हॉल्व्हरची नोंद करून. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी ते पहिल्यांदा चालवायचं ठरलं. मी कधी क्लबात जात नसे. त्या दिवशी म्हटलं, मी येते. ते इतके खूश झाले की इस्त्रीचा शर्ट घातला. सकाळी उपमा करायला मी रव्याचा डबा काढला तर शुक्रवारी आणून ओतलेला तसाच काठोकाठ होता, आणि माझ्या मनात आलं ते एवढंच, की बरं झालं, या वेळी माझ्या डब्यावर हात मारला नाही. गाडी मी चालवली. जूनपासून काही ना काही कारण काढून मीच चालवत होते.

रेंज म्हणजे विंचेस्टरच्या वाटेवरची एक जुनी खडूची खाण. तिन्ही बाजूंनी पांढरे कडे, समोर टार्गेटं, अलीकडे पत्र्याच्या छपराखाली टेबलांची रांग. दहा-बाराजण होते, बहुतेक निवृत्त, थर्मास आणि लोकरी टोप्या घेऊन आलेले. दीनानाथना ते डीन म्हणतात. रेंज ऑफिसर केन, पूर्वी बस चालवायचा, त्याने मला कानांवर लावायला मफ दिले आणि नियम सांगितले. पिवळ्या रेघेच्या मागे उभं राहायचं, आणि कुणालाही, अगदी पाहुण्यालाही, काही धोक्याचं दिसलं तर त्याने जोरात स्टॉप म्हणून ओरडायचं. त्यात लाजायचं नाही. मग त्याने ते जुनं रिव्हॉल्व्हर हातात घेऊन इकडून तिकडून पाहिलं, घोडा ओढून चक्र फिरवलं, प्रत्येक घर नळीसमोर येऊन थांबतंय हे डोळ्याला लावून बघितलं, आणि दीनानाथचा खांदा दाबला. बाकीचेही जमले. मला अभिमान वाटला. आमच्या हॉस्पिटलातल्या कुठल्या कन्सल्टंटला कुणी अशा नजरेने बघितलेलं मला आठवत नाही. मग सगळे आपापल्या टेबलाशी गेले, केनने भरायची परवानगी दिली, आणि मी मफ चढवले. आवाज एकदम लांब गेले. माझा श्वास तेवढा मला ऐकू येत होता.

मी त्यांच्या उजवीकडे मागे उभी होते, चार पावलांवर. त्यांचे ओठ मला बाजूने दिसत होते. त्यांनी ठोकळा पुढे ओढला, रिव्हॉल्व्हर टेकूवर उभं केलं, मागच्या ओळीतली पहिली नळी काढली. केशव. काळी भुकटी घरात गेली. नळी बाजूला ठेवली, पुढच्या ओळीतली घेतली, आणि ओठ पुन्हा केशव म्हणाले. ओतलं ते काळंच होतं. मला आधी वाटलं, छपराची सावली असेल. मग त्यांनी गोळी ठेवून तरफेने ठासली, माधव, बोटाने चरबी लिंपली, गोविंद, आणि दुसरं घर पुढे घेतलं. मी ठोकळ्याकडे पाहिलं. दोन्ही ओळी काळ्या होत्या. पांढरी नळी एकही नव्हती. सकाळचा काठोकाठ डबा माझ्या डोळ्यांपुढे आला. दारू आणि रवा सारख्याच मापाचे, त्यामुळे हाताला काही वेगळं लागणार नव्हतं. गोळी नेहमीच्याच जागी बसणार होती. दुप्पट दारू, दीडशे वर्षांचं लोखंड, आणि त्याच्या मागे एक हातभर अंतरावर त्यांचा चेहरा.

आणि मी उभी राहिले. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. दुसरं घर भरेपर्यंत मी उभी राहिले. मला सगळं समजलं होतं, शंकेला जागा नव्हती, तरी पाय उचलेना. ओरडले तर सगळे वळून बघणार, केन नळ्या बघणार, कुणी भरल्या विचारणार, आणि मग पार्फिटच्या फॉर्मवरची ती खूण उलटी होणार. तिसरं घर. केशव, केशव. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटचं प्रेशर पडताना दिसत असून मी गप्प बसले असते का? तिथे मी अर्धा सेकंद बसले नसते. तिथे पेशंट माझा कुणी लागत नाही. चौथं घर. त्यांचे हात किती सुरेख चालत होते, एक कण सांडत नव्हता. मला वाटलं, कदाचित सोसेल. लोखंड दणकट असेल. असला विचार शिकल्यासवरल्या बाईच्या डोक्यात येतो. पाचवं. क्लबचा नियम पाचच भरायचा. त्यांनी प्रत्येक घराच्या मागे ठिणगी पाडणारी एकेक पितळी टोपी चढवली, पाय रोवले, हात लांब केला. केनने मान हलवून खूण केली. अंगठ्याने त्यांनी घोडा मागे ओढला. तेव्हा माझ्या तोंडून “अहो” निघालं, पस्तीस वर्षं जेवायला बोलावताना निघतं तेवढ्याच आवाजात. ते कुणालाही ऐकू जाणार नव्हतं. मग मी ओरडले, “स्टॉप.” दोनदा ओरडले. पिवळी रेघ ओलांडली की नाही ते आठवत नाही, पण केनने मला दंडाला धरलेलं आठवतं.

सगळी रांग थांबली. दीनानाथनी घोडा हळूच खाली सोडला, नळीचं तोंड टार्गेटांकडेच ठेवून रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि हात मागे घेतले. सगळं नियमाप्रमाणे. केनने मफ काढून मला विचारलं काय झालं. मी म्हटलं, दोन्ही ओळींत दारू आहे, रवा नाहीच. त्याने एक उरलेली नळी तळहातावर ओतून बघितली, दुसरी बघितली, आणि त्याचा चेहरा त्याच्यामागच्या खडूसारखा झाला. डीन, या नळ्या कुणी भरल्या, असं त्याने विचारलं. दीनानाथ ठोकळ्याकडे बघत होते. तोंड उघडायला लागले, पण त्यांच्याआधी मीच म्हणाले, “आय डिड. ॲट होम. माय मिस्टेक.” दुसऱ्यांदाही मला एक सेकंद लागला नाही. आजूबाजूच्या म्हाताऱ्यांचे खांदे सैल पडले. केनने मला समजावलं, रागावला नाही. दारूच्या नळ्या ज्याच्या त्यानेच भरायच्या असतात, लव्ह, म्हणाला. बायकोच्या हातात देऊ नये असं कुणीतरी मागून म्हटलं आणि दोघेतिघे हसले. मीही ओशाळं हसले. घरं रिकामी करायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ दीनानाथ केनला हवं ते हत्यार नेमकं हातात देत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

गाडीत आम्ही बसलो तेव्हा दुपारचे बारा झाले होते. मागच्या सीटवर पेटी, त्यांच्या मांडीवर न वापरलेल्या टार्गेटांचा गठ्ठा. मी इंजिन सुरू केलं.

“तू भरल्या नाहीस,” ते म्हणाले. “काल तू चारपर्यंत हॉस्पिटलात होतीस. मी भरल्या. भरताना बरंसुद्धा वाटत होतं, की आज सगळं नीट जमतंय.”

मी म्हटलं, होतं असं कधीतरी, कोणाचंही होतं. माझ्या आवाजातला गोडवा माझ्या मलाच ओळखू आला. वीसपासून उलटे आकडे म्हणायला सांगताना हाच आवाज असतो.

“मला वर्षभर शंका आहे,” ते म्हणाले. “पण मी म्हटलं, घरात डॉक्टर आहे. झोपलेल्या माणसाचा श्वास इकडचा तिकडे झाला तरी हिला कळतं. ही काही बोलत नाही, म्हणजे काही नाही. मी रोज तुझ्या तोंडाकडे बघायचो, मंजिरी. तू गप्प होतीस म्हणून मी बरा होतो.”

मी इंजिन बंद केलं. इतके महिने मला वाटत होतं की मी त्यांना सांभाळते आहे, माझ्या गप्प राहण्याने त्यांची शेड त्यांच्याकडे राहते आहे. आणि ते माझ्या त्याच गप्प राहण्याला डॉक्टरांचा रिपोर्ट समजत होते. त्याच रिपोर्टाच्या भरवशावर त्यांनी आज घोडा ओढला होता. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, तेही बरोबरच होतं. बाहेर केन टेबलं पुसत होता. त्याने आमच्याकडे बघून हात हलवला. दीनानाथनी त्याला हात केला.

“उद्या त्या पार्फिटना फोन कर,” ते म्हणाले. “आपल्या जीपी डॉक्टरला मी करतो. पण आधी मला सांग. पहिल्यापासून, जे जे तुला दिसलं ते सगळं. मला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस.”

मी डोळे पुसले आणि म्हटलं, गेल्या वर्षीच्या गणपतीपासून. त्यांनी मला हाताने थांबवलं, मांडीवरचा एक टार्गेटचा कागद उलटा केला, खिशातून पेन काढून वर तारीख घातली.

“सावकाश सांग,” ते म्हणाले, “लिहून घेतो. नाहीतर उद्या तुलाच परत सांगायला लागेल.”